घरातल्या कुंड्यांवरची कीड: नागपूरच्या हवेत ती कशी ओळखायची, कशी आवरायची

झाडावर कीड दिसली की पहिला प्रश्न येतो, "कोणतं औषध मारू?" त्याआधी दोन गोष्टी कळायला हव्यात: कीड नेमकी कोणती, आणि तिची पुढची पिढी किती दिवसांत तयार होते. घरगुती फवारणी अंड्यांवर फारशी चालत नाही. वाचलेली अंडी फुटून पिल्लं मोठी होतात, आणि त्यांनी पुन्हा अंडी घालायच्या आत दुसरा हात फिरवावा लागतो. हे अंतर तापमानावर ठरतं. थंडीत लाल कोळ्याची एक पिढी दोन-तीन आठवडे घेते. नागपूरच्या एप्रिल-मेमध्ये तिला आठवडाही पुरतो. पुण्या-बंगळुरूचे व्हिडिओ पाहून दर पंधरा दिवसांनी नीमतेल मारणाऱ्यांची झाडं इथे वाळतात ती यामुळे.

आधी पान उलटं करा

बहुतेक कीड पानाच्या खालच्या बाजूला, देठाच्या बेचक्यात आणि कोवळ्या शेंड्यात बसते. वरून पाणी शिंपडून आणि वरूनच बघून काही कळत नाही. सकाळच्या उजेडात मोबाइलचा कॅमेरा झूम करून पानाची मागची बाजू बघा, भिंग असेल तर उत्तमच.

पांढरे कापसासारखे पुंजके दिसले तर तो मिलीबग, म्हणजे पिठ्या ढेकूण. याला बुरशी समजून बुरशीनाशक मारणारे खूप आहेत. त्याने मिलीबगचं काहीच बिघडत नाही. शंका असेल तर इअरबडने पुंजका दाबा. पिवळसर-नारिंगी रस निघाला तर ती कीड.

पानावर सुईने टोचल्यासारखे बारीक फिके ठिपके, पान निस्तेज आणि धुळकट, देठाजवळ अगदी पातळ जाळी: हा लाल कोळी. पानाखाली पांढरा कागद धरून पानावर दोन-तीनदा टिचकी मारा. कागदावर पडलेले मोहरीहूनही बारीक ठिपके थोड्या वेळाने चालायला लागले, आणि बोटाने पुसल्यावर हिरवट किंवा लालसर रेघ उमटली, तर खात्री झाली.

पानं चिकट लागतात, कुंडीखालची फरशी चिकट झाली आहे, मुंग्यांची रांग खोडावर चढते आहे: म्हणजे वर रस शोषणारं कोणीतरी बसलं आहे. ही कीड जास्तीचा गोड रस बाहेर टाकते, तो चिकटा. त्यावर काळी बुरशी वाढली की पान काजळी धरल्यासारखं दिसतं. विदर्भातल्या संत्रा बागायतदारांना ही काळी बुरशी चांगली माहीत आहे; तिकडे काळ्या माशीमुळे येते ती 'कोळशी' हीच. घरातल्या झाडावरची कोळशी ओल्या फडक्याने पुसून निघते, पण वरची कीड गेली नाही तर ती परत येणारच.

कपाटात काय असावं

१ लिटरची फवारणी बाटली, ५ मिलीची आणि १ मिलीची सुई नसलेली सिरिंज, इअरबड, जुना मऊ टूथब्रश, सर्जिकल स्पिरिट किंवा ७० टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल (मेडिकलमध्ये मिळतं), भांड्यांचा साधा लिक्विड साबण, नीमतेल आणि पिवळे चिकट सापळे. चमच्याने मापू नका. प्रत्येकाच्या घरचा चमचा वेगळा, आणि दुप्पट झालेल्या साबणाने पानं करपतात.

मिलीबग: सगळ्यात चिवट

जास्वंद, क्रोटन, जेड, अडेनियम, मनी प्लांट, काहीच सुटत नाही. जास्वंद ही कपाशीच्या कुळातली. कपाशीवर येणारे मिलीबग, मावा आणि पांढरी माशी तिलाही धरतात, म्हणून बाल्कनीतलं एक झाड आधी आजारी पडायचं असेल तर ते बहुधा जास्वंदच असतं.

१. झाड बाकीच्या कुंड्यांपासून दूर न्या, पानाला पान लागणार नाही इतकं. पिल्लं चालत जातात, वाऱ्याने उडतात आणि आपल्या हातावरूनही जातात.

२. पुंजक्यांनी भरलेले शेंडे सरळ कापा. कापलेलं पिशवीत बांधून कचऱ्यात टाका, कुंडीच्या मातीत किंवा खतात नाही.

३. उरलेला प्रत्येक पुंजका स्पिरिटमध्ये बुडवलेल्या इअरबडने टिपा. स्पिरिटने वरचा मेणचट थर विरघळतो आणि कीड लगेच तपकिरी पडते. हे काम स्वयंपाकघरात गॅसजवळ किंवा देवघरातल्या दिव्याजवळ करू नका.

४. दुसऱ्या दिवशी कुंडीच्या तोंडाला प्लास्टिकची पिशवी बांधून माती झाका, कुंडी आडवी धरा आणि बाथरूमच्या जेट स्प्रेने पानांच्या खालून पाणी मारा. कोवळ्या पानांना धार थोडी लांबून द्या.

५. पाणी निथळल्यावर नीमतेलाचं मिश्रण फवारा (प्रमाण पुढे दिलं आहे). बेचके ओले झाले पाहिजेत, थेंब ओघळले पाहिजेत.

६. दर सात दिवसांनी हेच, किमान चार वेळा. तिसऱ्या वेळी झाड स्वच्छ दिसतं आणि लोक थांबतात. महिन्याभराने "कीड परत आली" म्हणतात, ती खरं तर गेलेलीच नसते.

इतकं करूनही परत येत असेल तर कुंडीची कड, तळाची भोकं, खालची ताटली आणि ज्या दोरीने झाड बांधलंय ती दोरी तपासा. मिलीबग अंडी घालायला अशा कोरड्या फटी शोधतो. मग झाड कुंडीतून काढून मुळं बघा. मुळांवर आणि कुंडीच्या आतल्या भिंतीवर पांढरी पूड दिसली तर तो मुळांवरचा मिलीबग. अडेनियम, निवडुंग आणि जेडमध्ये तो नेहमी सापडतो, आणि झाड पाणी घालूनही सुकट राहतं. अशा झाडाची सगळी माती झाडून टाका, मुळं पाण्याने धुवा, कुजलेली कापा आणि नव्या मातीत, धुतलेल्या कुंडीत लावा. अडेनियम आणि निवडुंगाला धुतल्यानंतर दोन-तीन दिवस सावलीत सुकू द्या, लावल्यावरही लगेच पाणी नको. कापलेली जागा ओल्या मातीत सडते.

मुंग्यांचा बंदोबस्त त्याच दिवशी करा. मुंग्या चिकट्यासाठी मिलीबगला राखतात आणि त्याला खायला आलेल्या किड्यांना हुसकावतात. कुंडी स्टँडवर ठेवून स्टँडचे पाय पाण्याच्या वाटीत ठेवणं हा सगळ्यात सोपा उपाय. पावसाळ्यात मात्र ते पाणी दर तीन दिवसांनी बदला, नाहीतर डासांची सोय होते.

एक सावधगिरी. मिलीबगांमध्ये एखादा दुप्पट-तिप्पट मोठा, लांब पांढऱ्या झालरी असलेला आणि बऱ्यापैकी वेगाने चालणारा 'मिलीबग' दिसला तर त्याला मारू नका. ती क्रिप्टोलेमस नावाच्या लेडीबर्ड भुंगेऱ्याची अळी असते, आणि तिचं जेवण म्हणजे मिलीबग. मिलीबग मंद असतो. पळणारा दिसला की हात आवरा. अशा झाडावर फवारणी आठवडाभर पुढे ढकला आणि पुंजके कमी होतात का ते बघा.

लाल कोळी: मार्च ते जूनचा पाहुणा

हा कीटक नाही, आठ पायांचा कोळ्याच्या वर्गातला जीव आहे. हे लक्षात ठेवायचं कारण व्यावहारिक आहे: मिलीबग किंवा माव्यासाठी आणलेलं इमिडाक्लोप्रिड कोळ्यावर चालत नाही, उलट त्याला खाणारे मित्रकीटक मेल्याने कोळी वाढल्याचं दिसतं. उन्हाळ्यात "औषध मारल्यावर झाड जास्तच बिघडलं" ही तक्रार येते तेव्हा बहुतेकदा हेच झालेलं असतं.

कोरडी, तापलेली हवा आणि पानावरची धूळ त्याला मानवते. मार्चपासून नागपुरात दोन्हींची कमी नसते. अरेका पाम, गुलाब, ड्रेसिना आणि सिंगोनियम यांना आधी लागतो.

इथे पाणी हेच पहिलं औषध. पानं खालून-वरून जोरदार धुवा. मार्च ते जून दर तीन-चार दिवसांनी, एकूण चार-पाच वेळा. थंडीत आठवड्याने पुरतं. नुसत्या धुण्याने जाळी तुटते आणि चालते कोळी वाहून जातात. अंडी चिकटून राहतात, म्हणूनच चौथ्या दिवशी पुन्हा. फार वाढलेला असेल तर एका धुण्यानंतर संध्याकाळी साबणपाणी फवारा आणि सकाळी साध्या पाण्याने धुऊन टाका. पिवळी पडलेली पानं काढा, ती परत हिरवी होत नाहीत.

कूलर लावला की खोलीतली हवा ओलसर होते, आणि त्याचा झाडांना फायदाच होतो. पण कुंडी कूलरच्या थेट झोतात ठेवली तर पानांच्या कडा वाळतात, म्हणून बाजूला, दोन-तीन हात लांब ठेवा. कूलरच्या टाकीतलं पाणी मात्र झाडावर फवारू नका. दिवसभर वाफ होऊन त्यात क्षार साचत जातात, आणि पानावर पांढरे डाग पडून कडा करपतात.

गंधक कोळ्यावर चांगलं चालतं, म्हणून कृषी केंद्रातून ८० टक्के पाण्यात विरघळणारं गंधक आणून मे महिन्यात मारलं जातं. हे टाळा. ३२ अंशांच्या वर गंधक पानं जाळतं. थंडीत २ ग्रॅम प्रति लिटर चालेल, तेही तेल फवारून दोन आठवडे झाल्यावरच. तेल आणि गंधक जवळजवळ पडले तरी पानं करपतात.

कुंडीतली चिलटं

पावसाळा लागला की कुंडीतून उडणाऱ्या काळ्या बारीक चिलटांची तक्रार सुरू होते. मोठं झाड त्यांनी मरत नाही. त्यांच्या अळ्या ओल्या मातीतली बुरशी आणि रोपांची कोवळी मुळं खातात. कारण जवळजवळ नेहमी एकच: पाणी जास्त. जुलै-ऑगस्टात हवा दमट, कोकोपीट ओलं, आणि पाणी घालायची सवय मात्र मे महिन्याची.

वरची दोन इंच माती बोटाला कोरडी लागेपर्यंत पाणी बंद. ताटलीत साचलेलं पाणी ओता. कुंडीत पिवळा चिकट सापळा उभा करा. त्यावर उडणारे अडकतात, आणि रोजची संख्या बघून उपाय लागू पडतोय का तेही कळतं. अळ्या आहेत की नाहीत हे बघायला कच्च्या बटाट्याची चकती मातीवर ठेवा आणि दोन दिवसांनी उलटून बघा: काळ्या डोक्याच्या पारदर्शक अळ्या खाली जमतात. चकती अळ्यांसकट फेका, नवी ठेवा. वर अर्धा इंच जाडसर वाळूचा थर दिला तर अंडी घालायला ओली माती सापडत नाही. पूर्ण चक्र तीन-चार आठवड्यांचं, तेवढा धीर लागतो.

बाकीचे, थोडक्यात

खवले कीड म्हणजे खोडावर आणि पानांच्या शिरांवर चिकटलेले तपकिरी फुगवटे. नखाने खरवडले की निघतात. कवचामुळे औषध आत जात नाही, म्हणून आधी साबणपाण्यात बुडवलेल्या टूथब्रशने घासा, मगच नीमतेल, दर आठ-दहा दिवसांनी.

मावा थंडीत येतो, कोवळ्या शेंड्यांवर आणि कळ्यांवर गर्दी करतो. घाबरायचं कारण नाही. पाण्याच्या दोन-तीन धुण्यांत आवरतो.

पांढरी माशी झाड हलवलं की उडते. पिवळा सापळा पानांच्या उंचीवर लावा आणि पिल्लांसाठी पानाखाली साबणपाणी, दर पाच-सहा दिवसांनी चार वेळा.

फुलकिड्यांनी पानावर चंदेरी ओरखडे येतात, शेजारी काळे बारीक ठिपके, आणि गुलाबाच्या कळ्या कडेने करपतात. यांची एक अवस्था मातीत जाते, म्हणून नुसती पानं फवारून भागत नाही. खराब कळ्या तोडा, कुंडीतला पालापाचोळा काढा. नीमतेलाने आवरले नाहीत तर फुलझाडांवर आणि शोभेच्या झाडांवर स्पिनोसॅड ४५ एससी, ०.३ मिली प्रति लिटर. एवढं कमी प्रमाण १ मिलीच्या सिरिंजनेच मोजता येतं. मधमाश्यांना ते ओलं असताना घातक असतं, त्यामुळे फवारणी सूर्य मावळल्यावर.

तुळस आणि गोडलिंब

जे तोंडात जातं त्यावर बाजारातलं रासायनिक कीटकनाशक नाहीच.

तुळशीची पानं वळून तपकिरी होतात, खाली डांबरासारखे काळे ठिपके आणि जाळीदार पंखांचे चपटे किडे दिसतात: हा तुळशीवरचा लेस बग. उन्हात वाळली असं समजून लोक पाणी वाढवतात. वळलेले शेंडे आणि सगळ्या मंजिऱ्या कापा, पानाखालून पाणी मारा, आणि आठवड्याच्या अंतराने तीनदा निंबोळी अर्क. फवारल्यावर आठवडाभर पानं खाऊ नका, नंतरही धुऊनच घ्या.

गोडलिंब, म्हणजे कढीपत्ता, संत्र्याच्याच कुळातला, त्यामुळे संत्र्यावरची सिला कीड आणि लिंबाच्या फुलपाखराच्या अळ्या त्यावर येतात. लहान अळी पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसते, मोठी झाली की हिरवी होते. फवारायची गरज नाही, हाताने वेचा. सिलासाठी वळलेली कोवळी पालवी खुडून टाका.

मिश्रणं आणि प्रमाणं

नीमतेल: अर्धा कप कोमट पाण्यात २ मिली लिक्विड साबण मिसळा, त्यात ५ मिली नीमतेल घालून दुधाळ होईपर्यंत बाटली हलवा, मग पाणी घालून १ लिटर करा. क्रम उलटा केला तर तेल वर तरंगतं. पहिली फवारणी नुसत्या पाण्याची आणि शेवटची नुसत्या तेलाची होते. मधूनमधून बाटली हलवत राहा आणि पाच-सहा तासांत संपवा, उरलेलं दुसऱ्या दिवशी कामाचं नाही. डिसेंबर-जानेवारीत बाटलीतलं तेल गोठलं तर ती कोमट पाण्यात ठेवा. दुकानात 'पीपीएम' लिहिलेलं तयार नीम औषध मिळतं, ते कच्च्या तेलापेक्षा वेगळं: १५०० पीपीएमचं ५ मिली, १०,००० पीपीएमचं २ मिली प्रति लिटर.

साबणपाणी: १ लिटरला ५ मिली, जास्त नाही. कपड्यांची पावडर नको. बोअरवेलच्या जड पाण्यात साबणाचा साका होतो आणि तो किडीवर काम करत नाही. नळाचं किंवा आरओचं पाणी घ्या. जेड आणि फर्न साबण सहन करत नाहीत. जेडला स्पिरिट, फर्नला नुसतं पाणी.

निंबोळी अर्क: नागपुरात जून-जुलैत कडुलिंबाखाली सडा पडतो. निंबोळ्यांचा गर काढून बिया सावलीत वाळवा, कापडी पिशवीत ठेवा. ५० ग्रॅम बियांची भरड १ लिटर पाण्यात रात्रभर भिजवा, सकाळी फडक्यातून दोनदा गाळा, १-२ मिली साबण घाला आणि त्याच दिवशी वापरा. वर्षाहून जुन्या बिया घेऊ नका.

व्हर्टिसिलियम लेकानी: किडीवर वाढणारी मित्रबुरशी, पावडर ५ ग्रॅम प्रति लिटर, संध्याकाळी. तिला दमट हवा लागते, म्हणून जुलै ते सप्टेंबर छान काम करते आणि मे महिन्यात पैसे वाया जातात. त्या आठवड्यात बुरशीनाशक मारू नका. गाळून घ्या, नाहीतर नोझल तुंबतं.

कोणतंही मिश्रण आधी दोन पानांवर फवारून दोन दिवस वाट बघा.

फवारणी कधी

तेल आणि साबण ३२ अंशांच्या वर पानं भाजतात. ऑक्टोबर ते फेब्रुवारी संध्याकाळी केव्हाही चालेल. मार्च-एप्रिलमध्ये अंधार पडल्यावर फवारा आणि पहाटे पाण्याने धुवा. नवतपा (मेअखेरचे सर्वांत तापलेले नऊ दिवस) लागला की तेल पूर्ण बंद, कारण तेव्हा रात्रीही हवा थंड होत नाही. त्या काळात पाण्याची धार आणि स्पिरिटचा इअरबड एवढ्यावरच भागवा. उन्हाने माना टाकलेल्या झाडाला आधी पाणी पाजा, फवारणी दुसऱ्या दिवशी.

कृषी केंद्रातून औषध आणण्याआधी

घरात याची गरज क्वचितच पडते. मोनोक्रोटोफॉससारखं शेतातलं जहाल औषध "थोडंसंच" म्हणून बाल्कनीत आणू नका. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने शेतकऱ्यांचे जीव गेले, आणि ते उघड्या शेतात काम करत होते. बंद खोलीत हवा बदलायलाही जागा नसते. डब्यावरचा त्रिकोण बघा: लाल सर्वांत विषारी, मग पिवळा, मग निळा, हिरवा सर्वांत कमी. घरासाठी लाल-पिवळ्याकडे वळूच नका. हातमोजे, मास्क, झाड गच्चीवर, मुलं आणि मांजर-कुत्री खाली. उरलेलं औषध पाण्याच्या किंवा कोल्ड्रिंकच्या बाटलीत कधीही ठेवू नका.

कीड ओळखता येत नसेल तर झाकण लावलेल्या बरणीत एक फांदी घालून महाराजबागेशेजारच्या कृषी महाविद्यालयातल्या कीटकशास्त्र विभागात विचारता येतं.

नवं झाड, आणि टाकून द्यायचं झाड

नर्सरीतून आणलेली कुंडी तीन आठवडे वेगळी ठेवा. उन्हाळ्यात बाल्कनीतल्या कुंड्या आत घेता तेव्हाही तेच. घरातल्या झाडांवर मे महिन्यात अचानक कीड येते ती बहुधा अशी चालत आलेली असते.

पाच-सहा फेऱ्यांनंतरही मुख्य खोडावर कीड असेल आणि नवी पालवी येत नसेल, तर झाड काढून टाका. सुदृढ शेंडा असेल तर धुऊन पाण्यात कटिंग लावून ठेवा. झाड बंद पिशवीत कचऱ्यात. कुंडी घासून, एक भाग ब्लीच आणि नऊ भाग पाण्यात अर्धा तास बुडवून, धुऊन वाळवा. माती फेकायची गरज नाही: ओली करून पारदर्शक पॉलिथीनमध्ये दोन-तीन इंचांचा थर बांधा आणि मे महिन्यात गच्चीवर तीन-चार आठवडे उन्हात ठेवा. वापरण्याआधी त्यात थोडं गांडूळखत मिसळा.